राणीसाहेब आणि एकोणीस टोप्या

पंपकाकांना मत्स्यालयात लागून एकतीस वर्षं झाली होती. या एकतीस वर्षांत पाहुण्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: बाथरूम कुठे आहे? काका तो रस्ता मन लावून सांगत. सरळ जा, मग डावीकडे, दार जरा आत ढकला, अडकतं. आणि पुन्हा आपल्या सतरा पायऱ्या उतरून खाली जात.

खाली म्हणजे इमारतीच्या पोटात. तिथे दगडी भिंतींचा एक जुना हौद होता. जाड नळातून भरतीचं पाणी त्यात शिरायचं आणि ओहोटीला बरंचसं परत जायचं. उरलेलं पाणी तासभर निवळलं की काका पंप सुरू करत. पाणी गच्चीवरच्या टाकीत चढे आणि तिथून काचेच्या अठ्ठावीस टाक्यांमध्ये उतरे. वरच्या मजल्यावर जे जे पोहत होतं, रांगत होतं किंवा नुसतंच डोळे वटारून बसलं होतं, ते सगळं काकांच्या हौदाच्या जिवावर जगत होतं. पण नळाला पाणी येतं तेव्हा नळाचं नाव कोण घेतं?

वरच्या मजल्यावर नाव होतं ते राणीसाहेबांचं. सात महिन्यांपूर्वी जाळ्यात अडकून पुढचा पाय जवळजवळ तुटलेली एक समुद्री कासवीण मत्स्यालयात आणली गेली, आणि तिचा रुबाब बघून तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी तिला हे नाव ठेवलं. तिला बघायला शाळांच्या सहली येत, लोक काचेला नाक लावून उभे राहत. तिच्यावर उपचार करत होत्या त्या डॉक्टरबाई. तिशीच्या, हुशार, कामाला वाघ, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. दीड वर्ष झालं होतं त्यांना इथे येऊन, पण त्या सतरा पायऱ्या त्या दोनदाच उतरल्या होत्या. एकदा रुजू झाल्या त्या दिवशी, आणि एकदा उंदीर निघाला म्हणून.

तिसऱ्यांदा उतरल्या त्या एका फलकापायी. मत्स्यालयाच्या साहेबांना राणीसाहेबांच्या टाकीशेजारी एक फलक हवा होता. ‘दोन कवचं: एक साता समुद्रांत फिरणारं, एक जागचं न हलणारं.’ फिरणारं कवच म्हणजे कासव. न हलणारं म्हणजे लिंपेट, खडकाला चिकटलेली, छोट्या टोपीच्या आकाराची एकाच कवचाची शिंपली. असल्या शिंपल्या हौदाच्या भिंतीवर आहेत असं डॉक्टरबाईंना कुणीतरी सांगितलं. त्यांना फोटो हवा होता, तोही खालच्या बाजूने.

काका पाण्याची बाटली भरायला वर गेले होते. डॉक्टरबाईंनी पातळ पत्र्याची पट्टी घेतली आणि भिंतीवरची सगळ्यांत मोठी टोपी हेरली. पहिल्या धक्क्याला ती हलली नाही, उलट अशी घट्ट बसली की पट्टीच वाकली. मग त्यांनी दोन मिनिटं थांबून तिला धक्का विसरू दिला आणि एकदम जोर लावून उचकटली. फोटो काढले. नंतर हाताशी सोयीची जागा बघून टोपी भिंतीवर दाबून ठेवली आणि वळल्या, तर पायरीवर काका उभे.

“कुठली काढलीत?” काकांनी विचारलं.

“एक मोठी होती. परत लावली मी. ही बघा.”

काकांनी भिंतीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. “थोरली जाऊ! अहो, तिला धाकटीच्या दारात आणून बसवलीत तुम्ही.”

डॉक्टरबाईंना हसावं की रागवावं कळेना. काकांनी मात्र चप्पल काढली, पँट दुमडली आणि हौदात उतरले. भिंतीवर एक गोल खूण होती, दगडात किंचित खोल गेलेली, कडेला वाकडीतिकडी. ती थोरलीची जागा. काकांनी टोपी अलगद सोडवली, त्या खुणेवर ठेवली, जराशी फिरवली, आणखी जराशी फिरवली, आणि ती बसली. डब्याचं झाकण एका विशिष्ट तऱ्हेनेच बसतं ना, तशी.

“दगड जसा असेल तशी ही आपली कड झिजवून घेते,” काका म्हणाले. “म्हणून ओहोटीला आतलं पाणी टिकतं. दुसऱ्या जागी बसली तर फट राहते. ऊन नाही आलं तरी वारा लागतो, आणि मग सुकते बिचारी.”

“हो, वाचलंय मी.” डॉक्टरबाईंचा आवाज थोडा खाली आला होता.

“वाचलंय ना? मग तुमच्या फलकावर जागची न हलणारी असं का लिहिताय? ती हलते. भरती आली की निघते, भिंतीवरचं शेवाळ जिभेने खरवडत हातभर जाते. पाणी उतरायला लागलं की परत आपल्या जागी. रोज दोनदा.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, कासव हजारो मैल जातं आणि पंचवीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतं. हातभर जाण्याची त्याच्याशी बरोबरी कशी करणार?”

काकांनी पाय पुसले, चप्पल घातली. “कासव पंचवीस वर्षांनी घरी येतं म्हणून त्याचं कौतुक. ही रोज येते. रोज घरी येणाऱ्याचं कोण कौतुक करतं, डॉक्टरबाई?”

त्यावर डॉक्टरबाईंनी घड्याळात बघितलं आणि त्या वर निघून गेल्या. फलकाचा मजकूर मात्र अर्धवट राहिला. ‘जागचं न हलणारं’ खोडलं, आणि त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना.

काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. नंतर पंप आपोआप चालणार होता, बटणाचीही गरज नाही. साहेबांनी सगळ्या दुरुस्त्यांची यादी काढली होती आणि तिच्यात अकरावं कलम होतं, हौदाच्या भिंती खरवडून फरशी बसवणे. यादीवर प्राण्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने हरकत नाही अशी डॉक्टरबाईंची सही हवी होती. ती त्यांनी केव्हाच केली होती. कलमं चाळीस, आणि त्या दिवशी राणीसाहेबांची जखम चिघळलेली; वाचायला वेळ कुणाला होता?

काकांना हे कारकुनाकडून कळलं. माणूस कधी कुणाकडे काही मागायला गेला नव्हता, पण त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

“माझी नोकरी जातेय ते ठीक आहे, वयच झालं. पण भिंत राहू द्या. तेवढं एकच मागणं आहे.”

“काका, फरशी लागली की हौद स्वच्छ राहील. आणि या शिंपल्या काय, किनारभर आहेत.”

“माणसंही गावभर आहेत, म्हणून घरच्यांना बाहेर काढतो का आपण?” मग ते दारातून आत आले. “शिवाय त्या नुसत्या बसलेल्या नाहीत. पाणी बघतात. पाणी बिघडलं की आधी त्यांना कळतं.”

डॉक्टरबाई हसल्या. उपहासाने नाही, पण हसल्या. त्यांच्याकडे मीटर होता. क्षार, तापमान, प्राणवायू, सगळं दर दहा मिनिटांनी पडद्यावर. आणि त्यांना ती दोन वर्षांपूर्वीची गोष्टही सांगण्यात आली होती. टोप्या जागेवर नाहीत म्हणून काकांनी अख्खा दिवस पंप बंद ठेवला होता. शेवटी निघालं काय, तर रंगाऱ्यांनी नळाचं गोडं पाणी हौदात ओतलं होतं, दोन बादल्या. काकांना लेखी समज मिळाली, आणि तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं की लोक म्हणत, लांडगा आला रे आला.

“बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘बघू’ म्हणजे काय ते काकांना एकतीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

तरी काकांनी राग धरला नाही. उलट, त्याच आठवड्यात काकूंनी डॉक्टरबाईंना चहाला बोलावलं. मत्स्यालयाच्या मागे दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. तिथल्या भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद चिकटवलेला, आणि त्याच्या शेजारी काकूंचं दुधाचं कॅलेंडर.

“आमचं घर या कागदावर चालतं,” काकू कपात चहा ओतत म्हणाल्या. “पहाटे भरती असेल तर आमच्याकडे चारला कुकर. एकतीस वर्षांत एकदा माहेरी मुक्कामाला आले असतील हे. तेही अर्ध्या रात्री उठून म्हणाले, ओहोटी लागली असेल. आमच्या माहेरी विहीरसुद्धा आटलेली!”

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. काका खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिले.

“मला एकच जाऊ मिळाली, तिच्याशी माझं पटलं नाही,” काकू म्हणाल्या. “आणि हे तिथं एकोणीस सांभाळतात. थोरली, धाकटी, मधली, नणंद, आत्याबाई. एकीशी भांडण नाही. माझ्यावरच आवाज चढतो.”

“कधी चढवला?” काकांनी विचारलं.

“चढवा एकदा, म्हणजे घरात आहात हे तरी कळेल.”

हे सगळं गमतीत चाललं होतं, पण निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ती भिंत गेली तर यांचं काही खरं नाही, डॉक्टरबाई.” डॉक्टरबाई मान हलवून निघाल्या. यादी तोवर सहीनिशी वरच्या कचेरीत जाऊन पडली होती, आणि एकदा गेलेला कागद परत मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मग तो दिवस उजाडला. राणीसाहेबांची जखम पूर्ण भरली होती आणि दुपारी चार वाजता त्यांना समुद्रात सोडायचं ठरलं होतं. पाहुणे बाराला येणार, आधी टाकीत दर्शन घेणार. म्हणून साहेबांच्या हुकमाने सकाळी सातलाच टाकी रिकामी करून घासून लख्ख केली गेली. राणीसाहेब जाड फोमच्या गादीवर, अंगावर ओल्या चादरी पांघरून, ताज्या पाण्याची वाट बघत पडल्या होत्या. दर थोड्या वेळाने मान वर करून एक मोठा श्वास घेत. आठ वाजले, साडेआठ वाजले, नळाला थेंब नाही.

डॉक्टरबाई सतरा पायऱ्या धावत उतरल्या. “काका, पंप का बंद आहे?”

काका हौदात गुडघाभर पाण्यात उभे होते. “पाणी बरं नाही.”

“बरं नाही म्हणजे काय? मीटर बघितलाय मी. सगळं ठीक आहे.”

“मीटर त्याला ठाऊक आहे तेवढंच सांगणार. तुम्ही इथे बघा. ओहोटी पुरी झाली, आणि घरी आहेत फक्त अकरा. पाच बाहेर भटकतायत. तीन तळाला उलट्या पडल्यात. नणंद गेली.” काकांनी ओंजळीतली टोपी पुढे केली. “मी पंप सुरू करणार नाही. मेमो द्या, घरी पाठवा, काय करायचं ते करा.”

पाठोपाठ साहेब आले. पाचावर धारण बसलेला माणूस आधी ओरडतो, तसे ते ओरडले. पाहुणे, फोटो, वर्तमानपत्रं, आणि हा माणूस शिंपल्या मोजत बसलाय! एकदा होऊन गेलाय हा तमाशा, पुन्हा नको. मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. “प्राण्यांची जबाबदारी तुमची. तुम्ही सांगा, पंप लावायचा की नाही. मी स्वतः बटण दाबतो.”

वर सात महिने जिवाचं रान करून वाचवलेलं जनावर कोरड्यावर पडलेलं. एका बाजूला मीटर, ज्याच्यावर त्यांचं सगळं शिक्षण उभं होतं. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, ज्याचा अंदाज मागे चुकला होता. चुकला होता का पण? त्यांना पहिल्यांदाच वाटलं, गोड्या पाण्याच्या दोनच बादल्या पडल्या होत्या आणि तेवढंही या टोप्यांना कळलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि हौदात उतरल्या.

थोरली जाऊ आपल्या खुणेवरच होती. डॉक्टरबाईंनी तिला बोटाने स्पर्श केला. एवढ्याने तिने दगडाला मिठी मारायला हवी होती, त्या दिवशी हिनेच पत्र्याची पट्टी वाकवली होती. बोटाच्या टोकाखाली ती सरकली. जरा अजून जोर लावला, तर सुटून त्यांच्या तळव्यात आली, आणि तिचं मऊ अंग आत ओढून घ्यायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तळवा साहेबांसमोर धरला. “पंप लागणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे पाणी बाहेर सोडा, नळाची झडप बंद करा. वर आहे ते पाणी फिरवून वापरू.”

“मीटर काय म्हणतोय?” साहेबांनी विचारलं.

“मीटर म्हणतोय सगळं छान आहे. मी हिचं ऐकतेय.”

“आणि कासव?”

“गादीवरच राहील. पाहुण्यांना सांगा, राणीसाहेब आज झोपून दर्शन देतील. आणि समुद्रात सोडायचं तर आज नावच काढू नका.”

साहेब कपाळ चोळत वर गेले. पुढचे चार तास कसे गेले ते डॉक्टरबाईंनाच माहीत. त्या स्वतः बादलीने चादरी भिजवत होत्या, आणि दर भिजवणीला मनात येई, की आपण एका शिंपलीच्या भरवशावर नोकरी लावली पणाला. मोठ्या माशांच्या टाकीतलं थोडं पाणी काढून राणीसाहेबांना अर्धी टाकी मिळाली तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, फोटो काढले, गेले.

दुपारी एकच्या सुमाराला बातमी आली. धक्क्यापलीकडे कोळ्यांनी जिवंत ठेवलेले पिंजऱ्यातले खेकडे सगळेच्या सगळे मेले होते. रात्री कुठल्याशा जहाजाने आपल्या तेलकट टाक्या कसल्याशा रसायनाने धुऊन ते पाणी तसंच समुद्रात सोडलं होतं. क्षार बदलले नाहीत, तापमान बदललं नाही, प्राणवायूही होता तेवढाच. मीटर बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला कुणी ते विचारलंच नव्हतं. बंदराच्या कचेरीने आठ दिवस पाण्यात उतरू नका म्हणून पाटी लावली.

साहेब खाली आले. पायरीवर उभे राहून म्हणाले, “काका, चहा पाठवू का?” साहेबांच्या तोंडून माफी यापेक्षा सरळ निघत नाही. काकांनी ती घेतली.

लक्ष मात्र त्यांचं बादलीकडे होतं. वरच्या माशांच्या टाक्यांतलं जुनं चांगलं पाणी बादलीत आणून त्यात त्यांनी सुटलेल्या टोप्या ठेवल्या होत्या. सात गेल्या. बारा उरल्या. एकतीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस बादलीशेजारी बसून ढसाढसा रडला, आणि डॉक्टरबाई त्याच्या शेजारी ओल्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांनी समजूत घातली नाही हेच बरं झालं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं आपण सहज म्हणून जातो. बोटाच्या पेराएवढ्या त्या जिवांनी वरच्या अठ्ठावीस टाक्या वाचवल्या होत्या.

त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई वरच्या कचेरीत गेल्या, यादी मागितली, अकरावं कलम दोनदा खोडलं आणि बाजूला पूर्ण सही केली. कारकून म्हणाला, मॅडम, असं करता येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, झालं की करून.

तिसऱ्या दिवशी थोरलीने बादलीच्या बुडाला धरलं. काकांनी हाक मारली ती वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. एकतीस वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता, काकूंना मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट. आठ दिवसांनी बंदराची पाटी निघाली, तेव्हा धुऊन स्वच्छ झालेल्या भिंतीवर थोरलीला तिच्या खुणेवर ठेवायला काकांनी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी ठेवली, जराशी फिरवली, आणखी जराशी फिरवली. बसली.

नवव्या दिवशी राणीसाहेब गेल्या. वाळूवरून पुढचे पाय मारत, धापा टाकत लाटेपर्यंत पोचल्या आणि एकदाही मागे न बघता पाण्यात शिरल्या. कासवाच्या डोळ्यांतून पाणी येतं ते मीठ बाहेर टाकायला, हे डॉक्टरबाईंनी सहलींना शंभरदा सांगितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांचं कारण सांगायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, वारा फार आहे.

“येतील,” काका म्हणाले. “पंचवीस वर्षं थांबायचं, एवढंच.”

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी छोटंसं भाषण केलं आणि त्यांना पुष्पगुच्छ दिला. रिकाम्या टाकीशेजारी आता फलक लागला होता. वर राणीसाहेबांचा फोटो, खाली थोरलीचा, दोन्ही सारख्याच आकाराचे. मजकूर डॉक्टरबाईंचा होता, निम्मा म्हणा. ‘कासव पंचवीस वर्षांनी घरी येतं. ही शिंपली रोज दोनदा घरी येते. तिच्यामुळे आमचं पाणी आम्हाला कळतं.’

काकांनी तो फलक अजून वाचला नव्हता. पुष्पगुच्छ काखेत धरून ते जिन्याकडे निघाले होते, ओहोटीची वेळ झाली होती. इतक्यात फलकासमोर उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी त्यांचा गणवेश बघून हाक मारली.

“अहो, जरा सांगता का…”

“सरळ जा, मग डावीकडे,” काका सवयीने म्हणाले, “दार जरा आत ढकला, अडकतं.”

“तसं नाही हो. ही रोज घरी येणारी कुठे आहे? मला बघायचीय.”

काकांनी आजींकडे बघितलं. मग फलकाकडे बघितलं, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी पुष्पगुच्छ पलीकडे उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंच्या हातात दिला आणि आजींसाठी हात पुढे केला.

“चला, दाखवतो. सतरा पायऱ्या आहेत, हळू उतरा. आणि हात लावायचा नाही बरं का. थोरली फार रागीट आहे.”